भीतीच्या पायऱ्या

वसईच्या किल्ल्यापासून विरारच्या डोंगरापर्यंत माणसाला जितक्या तऱ्हांनी घाबरता येतं, तितक्या सगळ्या तऱ्हा तोंडपाठ असलेली एकच व्यक्ती मी पाहिली, आणि माझं दुर्दैव असं की ती माझ्याच शाळेत, माझ्याच विषयाला, माझ्या शेजारच्याच वर्गावर होती. मी आठवी 'अ'ला इंग्रजी शिकवायचे, त्या आठवी 'ब'ला. दोन वर्गांमधली भिंत अर्ध्या विटेची होती. त्यांच्या वर्गातला हशा माझ्या वर्गात स्वच्छ ऐकू यायचा. माझ्या वर्गातली शांतता पलीकडे ऐकू जात होती की नाही, कोण जाणे.

आम्ही कऱ्हाडकडून विरारला, मनवेलपाड्यात राहायला आलो ते त्र्याण्णव साली. यजमानांची नोकरी मुंबईत, आणि मला वसईला पापडीजवळच्या एका मराठी शाळेत जागा मिळाली. मी एम. ए., बी. एड. होते आणि ते मी पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी दोनदा सांगितलं. शाळेत आम्हा सगळ्यांना मुलं 'बाई' म्हणायची: भूगोलाच्या बाई, चित्रकलेच्या बाई, नवीन बाई. आठवी 'ब'वरच्या त्या तेवढ्या 'टीचर'. कुठल्या टीचर, असं कोणी विचारत नसे. मुख्याध्यापक टीचर म्हणत, शिपाई टीचर म्हणत, शाळेबाहेरचा बोरं विकणाराही टीचर म्हणे. शिक्षण विचाराल तर साधं डी. एड., तेही जुन्या काळातलं. वयानं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, सांडोरच्या ख्रिस्ती वाडीवाल्यांच्या घरातल्या. फिकट सुती साडी, पायात रबरी चप्पल, आणि खांद्याला एक पिशवी. त्या पिशवीत जुन्या कॅलेंडरची पानं कापून शिवलेली एक वही असायची आणि वहीत फक्त भीती लिहिलेली असायची.

म्हणजे असं, की टीचरना इंग्रजीतले सगळेच शब्द आवडत, पण घाबरण्याच्या शब्दांवर त्यांचा विशेष जीव होता. कोणी नुसतं 'मी घाबरलो' म्हटलं की त्यांचं समाधान होत नसे. "घाबरलात ते कळलं. पण कसे घाबरलात?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एकदा प्रयोगशाळेच्या कपाटामागे धामण निघाली. शिपाईमामा ओरडत बाहेर आले, आम्ही सगळ्या बाया बाकांवर चढलो. टीचरही चढल्या, पण चढल्या चढल्या वही काढून विचारायला लागल्या, "मामा, दिसल्याबरोबर दचकलात, की आधी दिसली आणि मग पाय जड झाले?" मामा म्हणाले, "टीचर, आधी तिला बाहेर काढू द्या, मग सांगतो." धामण गेली, आणि मामांनी खरोखर येऊन सांगितलं की पाय जड झाले नव्हते, उलट फारच हलके झाले होते. टीचरनी विचार करून निकाल दिला, "मग पेट्रिफाइड नाही. फ्राइटन्ड." मामांच्या तोंडावर असं समाधान होतं, जणू डॉक्टरनं आजाराचं बरोबर नाव सांगितलं.

दुसऱ्यांदा मुख्याध्यापक फोनवर कोणाला तरी म्हणत होते, "आय ॲम अफ्रेड, सर आज नाहीत." दाराशी फळा पुसायचं फडकं मागायला आलेल्या मुलीनं ते ऐकलं आणि वर्गात जाऊन सांगितलं की हेडसर कोणाला तरी भितात. पाचव्या तासापर्यंत शाळाभर झालं. टीचरनी तो अख्खा तास त्या एका वाक्यावर घेतला. मी भिंतीला कान लावून ऐकत होते, हे आता सांगायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, "हे भिणं नव्हे गं. ही रीत. आपण कोणाच्या घरात शिरताना चप्पल काढतो ना, तसा इंग्रज माणूस वाईट बातमी सांगायच्या आधी 'आय ॲम अफ्रेड' म्हणतो." मी एम. ए.ला दोन वर्षं भाषाशास्त्राचा पेपर केला होता. त्या दोन वर्षांत मला कोणी चप्पल दाखवली नव्हती. त्या रात्री पोळ्या लाटताना मी यजमानांना म्हटलं, "उदाहरण तसं बाळबोधच आहे." ते म्हणाले, "कुठलं उदाहरण?" मी म्हटलं, "काही नाही."

माझी शिकवायची पद्धत शास्त्रशुद्ध होती. मी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहायचे: अफ्रेड म्हणजे घाबरलेला, स्केअर्ड म्हणजे घाबरलेला, फ्राइटन्ड म्हणजे घाबरलेला, टेरिफाइड म्हणजे खूप घाबरलेला. एका मुलानं विचारलं, "बाई, मग एवढे शब्द कशाला?" मी म्हटलं, "परीक्षेत एकच येतो." उत्तर चुकीचं नव्हतं. पण त्याच वेळी शाळेच्या जिन्यावरून टाळ्या ऐकू आल्या, म्हणून मी दाराशी जाऊन पाहिलं.

व्हरांड्यातून वर जाणाऱ्या जिन्याला वळणापर्यंत सहा पायऱ्या होत्या, आणि टीचरनी सहाही पायऱ्यांवर खडूनं एकेक शब्द लिहिला होता. खाली नर्व्हस, मग अफ्रेड, स्केअर्ड, फ्राइटन्ड, टेरिफाइड आणि सगळ्यात वर पेट्रिफाइड. मराठी अर्थ लिहिले नव्हते, ते त्या बोलून सांगत होत्या. नर्व्हस म्हणजे धाकधूक. अफ्रेड म्हणजे साधी, घरातली भीती, रोज सोबत असते ती. स्केअर्ड म्हणजे टरकणं. फ्राइटन्ड म्हणजे छातीत धस्स होणं. टेरिफाइड म्हणजे गाळण उडणं. आणि पेट्रिफाइड म्हणजे थिजणं, दातखीळ बसणं, पळायचंसुद्धा न सुचणं. मुलांनी एकेक करून आपली भीती सांगायची आणि तिच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. एक मुलगा थेट शेंड्यावर गेला आणि म्हणाला, आजीनं दाताला दोरा बांधून दुसरं टोक दाराला बांधलं तेव्हाची भीती. टीचरनी विचारलं, "तू पळालास का रे?" तो म्हणाला, "कसा पळणार? दोरा बांधलेला." टीचर म्हणाल्या, "मग बरोबर. थांब तिथंच."

मला वाईट वाटलं ते इंग्रजीचं नव्हे. मी देशावरची, माझी मराठी शुद्ध, आणि टीचर घरी त्यांच्या वाडीतल्या बोलीत बोलायच्या, तिच्यातलं मला निम्मंही कळत नसे. आणि तरी टरकणं, थिजणं, धस्स होणं, गाळण हे सगळं माझंच सामान मी माळ्यावर टाकून विसरले होते, आणि त्यांनी ते उतरवून, पुसून, जिन्यावर मांडलं होतं. मी वर्गात परत आले आणि कारण नसताना तिघांना उभं केलं.

हेव्याचं एक असतं. त्याला रोज खायला लागतं आणि तो काहीही खातो. टीचरच्या टेबलावर मुलं अबोलीचे गजरे ठेवायची ते मी मोजायचे. त्या वाडीतली केळी, सुकेळी आणून शिक्षकखोलीत सगळ्यांना वाटायच्या. मी 'मला सर्दी आहे' म्हणून घ्यायचे नाही आणि मग मधल्या सुट्टीभर इतरांच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्यांचे उच्चारही काही विलायती नव्हते. पण मुलं त्यांच्याशी इंग्रजी बोलायची, आणि माझ्याशी इंग्रजीत फक्त 'मे आय कम इन' म्हणायची.

यात भर म्हणून माझी लेक सायली आठवी 'ब'त गेली. स्वतःच्या मुलीला स्वतः शिकवू नये असा नियम मीच मुख्याध्यापकांना सांगितला होता. सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरात 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध आला. सायलीनं टीचरवर लिहिला. तेही मी गिळलं असतं. पण तिसऱ्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं, 'माझी आईसुद्धा इंग्रजी शिकवते. आय ॲम अफ्रेड ऑफ हर.' मी तो पेपर कितीदा तरी पाहिला. टीचरनी लाल शाईनं पाच-सहा चुका दाखवल्या होत्या. त्या वाक्याखाली मात्र रेघ नव्हती. म्हणजे वाक्य बरोबर होतं.

त्याच वर्षी शाळेची तपासणी आली. शिक्षण खात्याचे साहेब येणार, इंग्रजीचा एक नमुना पाठ पाहणार, आणि मुख्याध्यापकांनी माझं नाव दिलं, कारण कागदावर मी एम. ए. होते. मी आठ दिवस तक्ते रंगवले. आदल्या दिवशी ते तक्ते मी टेबलावर पसरून पाहिले आणि माझं मलाच कळलं की यात जीव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी जिन्यावर खडूनं सहा शब्द लिहिले. माझं अक्षर टीचरपेक्षा कितीतरी चांगलं आलं.

पाठ झकास चालला होता. मी सहा मुलांना आधीच पायऱ्या वाटून दिल्या होत्या आणि वाक्यंही पाठ करून घेतली होती. साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यामागे थोडे शिक्षक होते, टीचर होत्या, आणि आठवी 'ब'ची पोरं खिडकीत दाटली होती. त्यात सायली होती. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, फक्त विद्या नावाच्या मुलीनं घोळ केला. तिची पायरी तिसरी, वाक्य 'आय ॲम स्केअर्ड ऑफ डॉग्ज'. ती तिसरीवर आली, थांबली, आणि न सांगता पाचवीवर चढली. तिथं आधीच एक मुलगा उभा होता. मी हसत हसत तिचं मनगट धरून तिला खाली आणलं आणि म्हटलं, "युवर स्टेप इज थर्ड, विद्या." तिनं कुत्र्याचं वाक्य म्हटलं. टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "अशी पद्धत मी जिल्ह्यात कुठं पाहिली नाही. कल्पना तुमची?"

'हो' हा शब्द इतका छोटा आहे की तो निघून जातो आणि मग कळतं. मी हो म्हटलं. टीचर चार हातांवर उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या विद्याकडे पाहत होत्या.

पुढचे चार दिवस सायली माझ्याशी बोलली नाही. रागावलीही नाही, म्हणजे मला काही म्हणायची सोय नव्हती. ताट वाढलं की जेवायची, दप्तर भरायची, विरार ते वसई एसटीत माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघायची. पाचव्या दिवशी रविवार होता. मी तिला म्हटलं, "टीचरच्या घरी कसं जायचं गं?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि रस्ता सांगितला. तिला तो पाठ होता, हे मला त्या दिवशी कळलं.

सांडोरला पोचले तेव्हा टीचर मिसा आटोपून आल्या होत्या आणि चर्चची चांगली साडी खोचून वांग्यांच्या वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. त्यांचे यजमान केळीची वाळलेली पानं कापत होते. त्यांनी मला खाट दाखवली आणि परत कामाला लागले. टीचरनी हात धुतले आणि सुकेळी आणून ठेवली. केळी उन्हात वाळवून केलेला तो प्रकार मी पाच वर्षांत सर्दीच्या नावाखाली कधी चाखला नव्हता.

मी म्हटलं, "टीचर, त्या पायऱ्या तुमच्या होत्या."

"गवंड्यानं बांधल्या, बाई. माझ्या कुठल्या?"

"चेष्टा करू नका. मी साहेबांना सांगितलं, कल्पना माझी."

"ऐकलं मी. तिथंच होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तास तुमचा होता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तासात मध्ये बोलू नये."

त्या एकदा तरी रागावल्या असत्या तर माझी सुटका झाली असती. मी घरून ठरवून आले होते, त्या तोडून बोलतील, मी ऐकून घेईन, हिशेब मिटेल. पण त्यांना माझ्याबद्दल काहीच वाटत नव्हतं, ना राग, ना हेवा. मी पाच वर्षं एकटीच भांडत होते. हे कळल्यावर, खरं सांगते, मला त्यांचा आणखी हेवा वाटला.

त्यांनी मला दुसरं सुकेळं दिलं आणि विचारलं, "ती विद्या वरच्या पायरीवर का गेली होती? विचारलंत का?"

मी म्हटलं, "चुकली असेल."

"नाही, चुकली नाही. तिसरीवर थांबली, विचार केला, मग गेली. मी बघत होते." मग म्हणाल्या, "पोरं पायरी चुकत नाहीत, बाई. आपली चुकते."

सोमवारी मी विद्याला मधल्या सुट्टीत बोलावलं. मी तिला जिन्यावर नेलं, खडूची अक्षरं अजून पुसट दिसत होती, आणि म्हटलं, "वाक्याचं राहू दे. तुझी पायरी कुठली ते दाखव." ती पाचवीवर जाऊन बसली. टेरिफाइड. मग म्हणाली, "आईचं ऑपरेशन आहे बाई, बुधवारी. घरात कोणी बोलत नाही." मी तिच्या शेजारी बसले. तिला काय सांगावं ते माझ्या एम. ए.त नव्हतं. शेवटी सुचलं ते सांगितलं, की इंग्रजीत भिण्याचे दोन प्रकार आहेत. 'अफ्रेड ऑफ' म्हणजे कोणाला तरी भिणं, आणि 'अफ्रेड फॉर' म्हणजे कोणासाठी तरी भिणं. दुसरं ज्याला येतं त्याचं कोणीतरी असतं. तिनं विचारलं, "मग ते कमी होतं का?" मी म्हटलं, "नाही. पण त्यासाठी एकटं बसायला लागत नाही." बुधवारी मी रजा टाकून तिच्याबरोबर दवाखान्यात बसले. आई नीट बाहेर आली. गुरुवारी मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगितलं की पायऱ्या टीचरच्या होत्या. ते म्हणाले, "ते शाळेत सगळ्यांनाच माहीत आहे, बाई." साहेबांना तसं कळवायचं मात्र त्यांनीही टाळलं आणि मीही आग्रह धरला नाही. तेवढी मी चांगली झाले नव्हते.

सायली बोलायला लागली. मी टीचरकडची केळी खायला लागले. हेवा गेला असं म्हणणार नाही, पण तो म्हातारा झाला आणि एका कोपऱ्यात बसून राहायला लागला. पुढे टीचर निवृत्त झाल्या. त्यानंतर वर्षभरात त्यांचे यजमान गेले, आणि कॅनडातला मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. त्या जाताना सांडोरची निम्मी वाडी रस्त्यावर उभी होती. मला आठवी 'अ' आणि 'ब' दोन्ही वर्ग मिळाले. शेजारच्या वर्गातून ऐकण्यासारखं काही उरलं नाही.

चार महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. बर्फाचं, नातवाचं लिहिलं होतं, आणि मध्येच एक ओळ, 'इथं मी दुकानात गेले, साखर मागितली. त्या मुलीला माझं इंग्रजी कळलं नाही. तिनं दोनदा विचारलं आणि माझी दातखीळ बसली. साखर न घेता परत आले. तेव्हापासून एकटी बाहेर जात नाही.' ते वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवत नाही. क्षणभर बरं वाटलं. मग मी पत्र पुन्हा वाचलं आणि मला माझी फार लाज वाटली. पत्राखाली मुलाच्या घरचा फोन नंबर होता.

संध्याकाळी सातला मी फोन लावला. तिथं सकाळ होती. टीचरचा आवाज लहान झाला होता. मी साखरेचा विषय काढला नाही. शाळेचं, नव्या रंगाचं, सायलीच्या बी. एड.चं सांगितलं. त्या हुं हुं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, महिनाअखेर ना? 'ब'चा कॅटलॉग घरी आणला असेल बेरजा करायला."

हजेरीचा कॅटलॉग समोरच पडला होता. "आहे," मी म्हटलं.

"नावं वाचा बघू."

मी वाचायला लागले. अनिता. अश्विनी. बेनेडिक्ट. चेतन. ग्लोरिया. पहिली चार नावं त्या गप्प होत्या. ग्लोरियाला म्हणाल्या, "विहिरीजवळच्या घरातली? तिची आई माझ्याकडे होती. पालीला टरकायची." मग एकेका नावावर बोलू लागल्या. हा नाक्यावरच्या शिंप्याचा, याचा थोरला भाऊ वेंधळा होता, हिचा बाप माझ्या वर्गात पावसाच्या गडगडाटाला बाकाखाली बसायचा, त्याला सांगा टीचरनी विचारलंय. आवाज हळूहळू मोठा झाला. मागून सून काहीतरी म्हणाली, तिला त्यांनी चक्क इंग्रजीत सांगितलं, थांब, तास चालू आहे.

त्रेचाळीस नावं संपली.

मग त्यांनी विचारलं, "आज गैरहजर कोण?"

दोघं गैरहजर होती. त्यांच्या नावांपुढे मी सकाळीच फुल्या मारल्या होत्या. मी कॅटलॉग मिटला.

"कोणी नाही, टीचर," मी म्हटलं. "सगळी आलीत."